फायंडरला सातशे रुपयांचा वेबकॅम जोडायचाय, कोल्हापुरात कुणी केलंय का?

गच्चीवरचा | २९ नोव्हेंबर, रात्री ११:१२
मंडळी, माझ्याकडं दीडशे एमएमची न्यूटोनियन दुर्बीण आहे, फोकल लेंथ ७५०. माउंट (दुर्बीण फिरवणारा स्टँड) ईक्यू-५, दोन्ही अक्षांना मोटर, हँडसेटला एसटी-४ पोर्ट, म्हणजे गायडिंगचे हुकूम घ्यायची खाच. राजारामपुरीतल्या गच्चीवरून तीस सेकंदांचे फोटो बरे येतात. मिनिटाच्या वर गेलं की तारे बासमतीच्या दाण्यासारखे लांबट. म्हणजे ऑटोगायडर पाहिजे, एका ताऱ्यावर नजर ठेवून मोटरला आपोआप दुरुस्ती सांगणारा. गायडिंगचा वेगळा कॅमेरा घ्यायचा म्हटलं तर घरात आधी वॉशिंग मशीनचा नंबर आहे.
माझ्याकडं ८×५० चा सरळ फायंडर (मुख्य दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण) आहे आणि ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेला सातशे रुपयांचा ७२०पी वेबकॅम पडून आहे. फायंडरचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून तिथं लेन्स काढलेला वेबकॅम बसवला तर गायडिंग जमेल का? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा. "जमतं की" एवढंच लिहून पळू नका.

उद्यमनगरी | २९ नोव्हेंबर, रात्री ११:४०
जमतं की.
(थांब, पळत नाही.) अडॅप्टर लागणार. तोंडी माप घेऊन लेथवर येऊ नकोस, कागदावर ड्रॉइंग आण. बाकीचं इथल्या ताई सांगतील.

विकला | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:०५
आधी आकडे बघा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.
या वर्गातल्या ७२०पी वेबकॅमचा सेन्सर बहुतेक पाव इंची असतो, १२८० × ७२० पिक्सेल, एक पिक्सेल साधारण २.८ मायक्रॉनचा. एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती तुकडा बसतो ते काढायचं सूत्र: २०६ गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. फायंडरची फोकल लेंथ १८० धरली तर ३.२ विकला आल्या (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). गायडिंगचं सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत आरामात पकडतं, म्हणजे सुमारे ०.६ विकला. तुमच्या डीएसएलआरचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा असेल तर ७५० फोकल लेंथला तो जवळपास १.२ विकलांचा. त्याच्या निम्म्यात पकड येते. गणित तुमच्या बाजूनं आहे.
पण १८० हा माझा अंदाज. फायंडरवर "८×५०" छापलेलं असतं, फोकल लेंथ छापत नाहीत. ती मोजायची सोपी रीत आहे, कॅमेरा बसला की सांगते.

नवा_भिडू | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:३०
लेन्स काढायचीच कशाला? आयपीसच्या मागं वेबकॅम तसाच टेकवून सेलोटेप मारली तर?

विकला | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:५१
चंद्र दिसेल, छानही दिसेल. पण आयपीस, त्यामागं वेबकॅमची लेन्स, प्रत्येक काचेवर थोडा उजेड जातो. त्यातून क्रॉसहेअर मध्ये येतो आणि सेलोटेप रात्रभर एका जागी राहत नाही. गायडिंगला चंद्र नको असतो, सुईच्या टोकाएवढा तारा तासभर एका जागी पकडायचा असतो.

मसाईवारा | ३० नोव्हेंबर, रात्री १०:२२
मी हा उद्योग पाच वर्षांपूर्वी करून सोडून दिला. पूर्वीचे व्हीजीए वेबकॅम सीसीडीचे होते. त्यांच्या सर्किटमध्ये दोन तारा डकवून लांब एक्स्पोजर घ्यायची युक्ती लोक करत, त्या जिवावर सगळं चालायचं. आताचे स्वस्त वेबकॅम सीमॉसचे. सगळं एका चिपमध्ये, डकवायला जागाच नाही. एका फ्रेमला सेकंदाचा पाचवा-दहावा भाग मिळाला तरी डोक्यावरून पाणी. चौथ्या-पाचव्या प्रतीच्या खालचा तारा दिसणार नाही (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा फिका). त्यापेक्षा पैसे साठव आणि ३.७५ मायक्रॉनचा कृष्णधवल गायड कॅमेरा घे.
आणि दिवसा टेस्टिंग करताना फायंडरला झाकण लावून ठेव. मुख्य दुर्बिणीचं झाकण सगळ्यांच्या लक्षात राहतं, फायंडरचं राहत नाही. पन्नास एमएमच्या भिंगातून सूर्य आला तर सेन्सर जळेल तो जळेल, पण आयपीस लावलेलं असताना एखाद्या पोरानं डोळा लावला तर डोळा परत येत नाही.

गच्चीवरचा | ३ डिसेंबर, रात्री ११:५८
झाकणाचं लिहून घेतलं. पैसे साठवायचं पण लिहून घेतलंय, खाली कुठंतरी.
वेबकॅम उघडला. स्टँडजवळच्या स्टिकरखाली एकच स्क्रू, बाकी प्लॅस्टिकचे खटके. लेन्सला बारीक आटे होते, गोंदाचा ठिपका खरवडल्यावर फिरून निघाली. तिच्या मागच्या तोंडाला चौकोनी काच चिकटवलेली होती. तिरकी धरली की लालसर-निळी चमकते. हाच अवरक्त उजेड अडवणारा आयआर फिल्टर. लेन्सबरोबर तोही गेला. मग लेन्स नुसती समोर धरून लॅपटॉपवर बघितलं तर मुलाची शाळेची काळी पँट वांग्याच्या रंगाची. मुलगा अर्धा तास घरातले काळे कपडे आणून दाखवत बसला. पॉलिस्टरचे जांभळे होतात, माझी जुनी सुती छत्री काळीच राहिली.
दुसरी गंमत. खोलीत अंधार केला, सेन्सरवर बोट ठेवलं, तरी एका कोपऱ्यात हिरवट उजेड. कॅमेरा चालू असल्याचा एलईडी बोर्डावर सेन्सरच्या शेजारीच आहे! आधी काळी इन्सुलेशन टेप लावली, ती उलली. मग एलईडीच उपटून काढला.
अडॅप्टर म्हणून मामांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली रोलची काळी डबी घेतली. पस्तीस एमएम रोलची डबी सव्वा इंची फोकसरमध्ये (आयपीसच्या नळीत) जवळपास नेमकी बसते, हे तुम्हाला ठाऊक असेल, मला नव्हतं. तळ कापला, वेबकॅम हॉट ग्लूनं चिकटवला, डबी फायंडरच्या मागच्या नळीला टेप गुंडाळून बसवली. जोतिबाच्या डोंगरावरचे दिवे स्क्रीनवर आले. उलटे, पण आले.

कागलकर | ४ डिसेंबर, सकाळी ६:४८
भावा, डबी मिळाली नाही तर शेतातला बत्तीस एमएमचा पीव्हीसी पाइप घ्या. बाहेरून बत्तीस, तुम्हाला पाहिजे ३१.७. पॉलिश पेपरनं दहा मिनिटं घासला की काम झालं. आमच्याकडं ठिबकचं मटेरियल पडलेलं असतंय, माझा सव्वा इंची अडॅप्टर त्याचाच आहे. आतून काळा रंग मारायला विसरू नका, पांढरा पाइप आतनं लई चमकतोय.

गच्चीवरचा | ८ डिसेंबर, रात्री १०:३१
डबीची कहाणी संपली. रविवारी पन्हाळ्याला गेलो, दुपारी गाडी उन्हात लावली, सामान मागच्या सीटवर. संध्याकाळी बघतो तर हॉट ग्लू मऊ होऊन वेबकॅम एका बाजूला मान टाकून बसलेला. थंडीत पुन्हा घट्ट झाला, पण वाकडाच. स्क्रीनवर डावीकडचे तारे ठिपके, उजवीकडचे शेपटीवाले.
आता नीटच करायचं ठरवलं. आयपीस काढून फायंडर चंद्रावर धरला आणि मागं बटर पेपर पुढं-मागं करत गेलो. एका जागी चंद्र अगदी ठसठशीत उमटला, जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा, पण कड धारदार. नळीच्या टोकापासून ती जागा २२ एमएम मागं. सेन्सर तिथंच यायला पाहिजे. बारीकसारीक फरक पुढच्या भिंगाची लॉक रिंग सैल करून भिंग फिरवलं की भरून निघतो. ते आटे आहेत म्हणूनच हे सगळं शक्य आहे.
नळीच्या आतले आटे मात्र कुठल्याच ओळखीच्या पिचमध्ये बसेनात.

उद्यमनगरी | ८ डिसेंबर, रात्री १०:५०
आटे सोड. बाहेरून कॉलर चढव. तीन एम-३ ग्रब स्क्रू १२० अंशांवर. उद्या दुपारी ये, जेवणाच्या सुट्टीनंतर.

गच्चीवरचा | १० डिसेंबर, रात्री १२:१०
हा प्रसंग लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.
शिवाजी उद्यमनगरात गेलो. एका बाजूला पंपाच्या केसिंगा, दुसऱ्या बाजूला साखर कारखान्याचा कुठलातरी बुश, मध्ये मी दोन इंची फायंडर घेऊन. मिस्त्रींनी तो हातात घेतला, भिंगाकडून बघितला, मागून बघितला. म्हणाले, "बंदुकीचं काय?" म्हटलं नाही, ताऱ्यांचं. "मग घाई न्हाई."
मी नायलॉनचा रॉड घेऊन गेलो होतो, स्वस्त आणि हलका म्हणून. त्यांनी बाजूला ठेवला. नायलॉन पावसाळ्यात ओल धरतं, फुगतं. आज नीट बसलेली कॉलर ऋतू बदलला की तशी बसणार नाही. भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा काढला. माझ्या ड्रॉइंगवर नळीचा बाहेरचा व्यास एकच लिहिला होता. त्यांनी व्हर्नियर तीन जागी लावला, तीन आकडे आले, त्यातला मोठा धरला. "सरकून बसायला पाहिजे का ठोकून?" सरकून. मग बोअर करताना शेवटी हातावर आले. एक पातळ कट, फायंडर लावून बघायचा, नाही. आणखी एक कट, नाही. तिसऱ्या कटाला नळी आत गेली ती हळूच, आतली हवा दाबत, पिचकारीच्या दट्ट्यासारखी.
वेबकॅमच्या बाजूला बोर्डाच्या मापाची खाच आणि लेन्स होल्डरचे जे दोन स्क्रू बोर्डाला होते त्याच भोकांना दोन आटे. गोंद कुठंच नाही. सगळे मिळून तीनशे रुपये घेतले. चहा त्यांनीच पाजला.
उद्यमनगरी, तुम्ही कोपऱ्यातल्या मशीनवर होता ते मला निघताना कळलं. आधी सांगायचं की!

उद्यमनगरी | १० डिसेंबर, सकाळी ८:१५
कामावर बोलत नाही मी. आतून मॅट काळा मारलास का?

गच्चीवरचा | १० डिसेंबर, सकाळी ८:२०
शाळेच्या फळ्याचा रंग मारला.

विकला | १० डिसेंबर, दुपारी ४:०२
आता फोकल लेंथ मोजा. मृगातल्या बाणाचे तीन तारे, त्यातला सर्वांत पश्चिमेचा मिंटाका. तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, म्हणून मोटर बंद केल्यावर सेकंदाला १५.०४ विकला सरकतो. कॅमेरा असा फिरवा की तारा स्क्रीनच्या आडव्या कडेला समांतर जाईल. एका कडेला शिरल्यापासून दुसऱ्या कडेला बाहेर पडेपर्यंत घड्याळ लावा.

गच्चीवरचा | १० डिसेंबर, रात्री ११:३३
४ मिनिटं २० सेकंद. तीनदा मोजलं, एक-दोन सेकंदांचा फरक.

विकला | १० डिसेंबर, रात्री ११:४१
२६० गुणिले १५.०४, भागिले १२८०. पिक्सेलला ३.०५ विकला, फोकल लेंथ १८९. स्क्रीनवर आडवं ६५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि उभं ३६-३७ कला आकाश मावतं. हे लिहून ठेवा, सॉफ्टवेअर विचारेल. ध्रुवाला पण कामाला येईल.

नवा_भिडू | ११ डिसेंबर, सकाळी १०:०५
ध्रुवाचा काय संबंध? आणि ताई, विकला म्हणजे आर्कसेकंदच ना? तसं लिहा की सरळ.

विकला | ११ डिसेंबर, सकाळी ११:२०
आयडी बदलायला लावणार का आता?
माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडं रोखला नाही तर गायडिंग कितीही चांगलं असलं तरी फोटो हळूहळू गोल फिरतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साधारण ३८ कलांवर आहे. यांच्या स्क्रीनवर दोन्ही एकदम मावतील, पण आडव्या बाजूलाच. उभ्या बाजूला जेमतेम कमी पडतं. ध्रुव दुसऱ्या प्रतीचा तारा, त्यामुळं गरीब वेबकॅमलाही दिसतो. माउंटचा आरए अक्ष (आकाशाबरोबर फिरणारा) फिरवत दोन-तीन फोटो घ्यायचे. तारा ज्या बिंदूभोवती फिरतो तो तुमचा अक्ष.
अडचण वेगळीच आहे. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर. दहा मीटरवर तुमच्यापेक्षा तीन मीटर उंच काही असलं की ध्रुव संपला.

गच्चीवरचा | ११ डिसेंबर, दुपारी १:१४
शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी. बरोब्बर उत्तरेला.

कागलकर | ११ डिसेंबर, दुपारी १:३०
अंबाबाईच्या किरणोत्सवाला वाटेतल्या इमारतींचे अडथळे मोजत्यात तसं तुमच्या गच्चीचं पण करा म्हणावं. 😄

गच्चीवरचा | १४ डिसेंबर, रात्री १:२५
दोन तास वाया घालवलेत, दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितो.
पीएचडी-२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेबकॅम ओळखला गेला. एक्स्पोजर दोन सेकंद ठेवलं की तेवढ्या वेळात आलेल्या सगळ्या फ्रेम्स ते एकावर एक रचतं, म्हणून मसाईवारा म्हणतात तेवढी वाईट स्थिती नाही. दहा फ्रेम्स रचल्या की खडबड तिपटीनं कमी. गेन पूर्ण, ऑटो सगळं बंद. स्क्रीनवर एक टपोरा तारा निवडला, कॅलिब्रेशन सुरू. "तारा पुरेसा हलला नाही." केबल बदलली. अर्डुइनो नॅनो आणि चार ऑप्टोकपलर घेऊन एसटी-४ चा डबा घरीच बनवलाय, त्याच्यावर संशय. तो उघडला, मल्टिमीटर लावला, सगळं ठीक. मोटरचा आवाज येतोय, मुख्य दुर्बिणीत तारा सरकतोय, वेबकॅममधला मात्र ढिम्म.
शेवटी बायकोनं गच्चीवर येऊन विचारलं, "झाकण लावूनच बघताय होय?" लावलेलंच होतं, मसाईवाराच्या कृपेनं. तो "तारा" हॉट पिक्सेल होता, अंधारातही उगाच चमकणारा सेन्सरचा ठिपका.
आता सुरुवातीलाच झाकण लावून डार्क फ्रेम घेतो. हॉट पिक्सेल वजा होतात. मग झाकण काढतो.

मसाईवारा | १४ डिसेंबर, सकाळी ९:४४
बरं झालं, झाकण लावायची सवय तरी लागली! अमावास्येच्या आसपास मी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जातोय. ये बरोबर. मसाईवर उत्तर मोकळी आहे, टाकी नाही. स्वेटर नको, जाकीट आण. वारा असतोय.

गच्चीवरचा | २२ डिसेंबर, संध्याकाळी ६:१९
मसाईचा वृत्तान्त.
पहिलं लक्ष्य मृगातला तेजोमेघ, एम-४२. मुद्दाम. त्याच्या दक्षिणेला अर्ध्या अंशावर आयोटा ओरायनिस आहे, २.८ प्रतीचा, या वेबकॅमला दणदणीत दिसतो. या जोडणीत ही खरी अट आहे. आधी काय टिपायचं ते ठरवून गायड तारा शोधायचा नाही, आधी तेजस्वी तारा बघायचा आणि त्याच्या शेजारी काय आहे ते टिपायचं. कृत्तिकाही चालतात, त्यांच्यातच तिसऱ्या प्रतीच्या आसपासचा तारा आहे.
ध्रुव साधला, कॅलिब्रेशन पहिल्याच फटक्यात झालं, ग्राफ बघून मसाईवारा पण गप्प झाले. तीन मिनिटांचा फोटो काढला. तारे लांबट! ग्राफ म्हणतोय सगळं एका पिक्सेलच्या आत, फोटो म्हणतोय पाच-सहा पिक्सेलची शेपटी. पुन्हा काढला. तीच दिशा, तेवढीच शेपटी.
ईक्यू-५ चा वर्म (अक्ष फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) सुमारे दहा मिनिटांत एक फेरा घेतो, त्याची चूक असती तर शेपटी पुढं-मागं झाली असती. ही एकाच बाजूला सरकत होती. मग मसाईवारांनी एक गोष्ट केली. लॅपटॉपवर तारा मोठा करून ठेवला आणि एका बोटानं फायंडरला हलकंच ढोसलं. तारा चौदा पिक्सेल उडाला. बोट काढलं. परत आला, पण जागेवर नाही, तीन पिक्सेल अलीकडं. तीन पिक्सेल म्हणजे नऊ विकला, मुख्य कॅमेऱ्यावर जवळजवळ आठ पिक्सेल.
फायंडरच्या ब्रॅकेटला पुढं रबरी रिंग असते आणि मागं दोन स्क्रू आणि एक स्प्रिंगचा खिळा. डोळ्यानं बघायला ते पुरतं. पण वेबकॅम, ॲल्युमिनियमचा अडॅप्टर, वरून लोंबणारी यूएसबी केबल, एवढं वजन मागं आलं आणि दुर्बीण आकाशाबरोबर वळत गेली की रबर दबत जातं. फायंडर मुख्य दुर्बिणीपेक्षा वेगळ्या दिशेला झुकतो. गायडर बिचारा फायंडरला नीट धरून ठेवतोय आणि फोटो घेणारी दुर्बीण निसटतेय.
महिनाभर मी कॅमेऱ्याच्या मागं लागलो होतो आणि दोष रबराच्या कड्याचा निघाला.

उद्यमनगरी | २२ डिसेंबर, रात्री ८:०२
दोन रिंगा करू. पुढं एक, मागं एक, प्रत्येकीला तीन स्क्रू, टोकाला पितळ. स्प्रिंग नको, रबर नको. दोन्हींत जेवढं अंतर जास्त तेवढं बरं. केबल दुर्बिणीच्या नळीला बांध, लोंबकळत सोडू नकोस. शनिवारी ये.

नवा_भिडू | २३ डिसेंबर, दुपारी १२:४०
म्हणजे वेबकॅमचे ७००, अडॅप्टर ३००, आता रिंगा, वर नॅनो आणि ऑप्टो. मसाईवारा काका बरोबरच होते म्हणायचं?

मसाईवारा | २३ डिसेंबर, दुपारी १:१०
नाही. चांगला कॅमेरा घेतला असता तरी रबर तेच होतं. रिंगा दोघांनाही लागल्याच असत्या. माझा जुना प्रयत्न पण रबरानंच मारला असणार, मी शिव्या वेबकॅमला घातल्या.

गच्चीवरचा | ६ जानेवारी, रात्री ११:०७
रिंगा बसल्या. बोटानं ढोसून बघितलं: दोन पिक्सेल उडतो आणि जागेवर परत येतो. गच्चीवरून (टाकीमुळं ध्रुव न बघता, तारा किती सरकतो त्यावरून अक्ष साधायच्या ड्रिफ्ट पद्धतीनं, पाऊण तास गेला) तीन मिनिटांचे वीस फोटो काढले, अठरा गोल. पाच मिनिटांचे पाच काढले, तीन गोल. दोन खराब झाले तेव्हा शिरोलीच्या बाजूनं धुरकं आलं आणि तारा फिका पडून सॉफ्टवेअरच्या हातून सुटला. तिथं मात्र वेबकॅमच कमी पडला, चांगल्या कॅमेऱ्यानं दुसरा तारा धरला असता. ते मान्य.
ज्यांनी व्यक्तिगत निरोपात ड्रॉइंग मागितलं त्यांच्यासाठी: माझी मापं तुमच्या फायंडरला लागू होणार नाहीत, प्रत्येक नळीचा व्यास वेगळा. बटर पेपरवर चंद्र घ्या, नळीपासून अंतर मोजा, त्यात सेन्सर बोर्डाच्या पुढच्या बाजूपासून जेवढा पुढं उचललेला असेल तेवढं अंतर मिळवा. तेवढी कॉलरची आतली पायरी. शंका राहिली तर दोन मिलिमीटर कमीच ठेवा. भिंग बाहेर फिरवून ते भरता येतं, जास्त झालेलं ॲल्युमिनियम पुन्हा लेथवर न्यावं लागतं.

उद्यमनगरी | ७ जानेवारी, सकाळी ८:०९
आणि व्यास तीन जागी मोजा.